पन्नास यार्डांचं मैदान

चि. मल्हार यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू आणि बाबा दोघंही एकाच वेळी बोलत होतात, त्यात माझं बोलणं राहूनच गेलं. कागदावर कुणी मध्येच तोडत नाही, म्हणून हे पत्र. देवनागरी तुला सावकाश वाचावी लागते. बरंच आहे, सावकाशच वाच.

अमेरिकन फुटबॉलच्या त्या इनडोअर टीमचं बोलावणं आलंय ना, तर जा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं धास्तावून वाचणार नाहीस. बाबांना मी बघते. त्यांचं फुटबॉलशी वाकडं नाही, त्यांना फक्त ‘पुढे काय?’ याचं उत्तर हवंय. आणि तू दरवेळी त्यांच्यासमोर कर्ट वॉर्नरला उभा करतोस. तो सांगणं बंद कर. सीडर फॉल्सच्या हाय-व्ही दुकानात शेल्फांवर माल लावणारा पोरगा आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून इनडोअर खेळला आणि जानेवारी २००० मध्ये सुपर बोलचा, म्हणजे एनएफएल या सर्वात मोठ्या लीगच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला, हे खरंच आहे. पण तसं एखाद्याचंच होतं, आणि ते बाबांना पक्कं ठाऊक आहे. लॉटरी लागलेल्याचा पत्ता दाखवून कुणाला घर बांधायला पैसे मागता येत नाहीत.

त्यांना मॅट नेगी सांग. तो तर आपल्या अंगणातला. नूअर्कला तुला क्लासला सोडायला जायचे तेव्हा वाटेत डेलावेअर युनिव्हर्सिटीचं स्टेडियम लागायचं, तिथलाच तो क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून चाल चालवणारा गडी, १९९७ ते २००० चा. त्याचे कोच टबी रेमंड, तीनशे मॅचेस जिंकून निवृत्त झालेले. मैदानाला आता त्यांचंच नाव आहे. इतक्या चांगल्या हाताखाली शिकूनही २००१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या टीम्स कॉलेजातली पोरं निवडतात त्यात, नेगीचं नाव कुणी घेतलं नाही. मग अरीना फुटबॉल, म्हणजे छताखालचं, छोट्या मैदानावरचं. २००२ पासून न्यूयॉर्क ड्रॅगन्स, कॅरोलायना कोब्राज, जॉर्जिया फोर्स, कोलंबस डिस्ट्रॉयर्स. २००७ साली कोलंबसला घेऊन तो थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तिथे सॅन होजेकडून हरला. वर्षभरात लीगच कोसळली. २००९ चा हंगाम झालाच नाही आणि कंपनी दिवाळखोरीत निघाली. बायको-मुलं असलेला माणूस पेनसिल्व्हेनियात घरं विकायला लागला.

त्याआधी, २००८ च्या उन्हाळ्यात, त्यानं एनएफएलमधल्या फिलाडेल्फिया ईगल्सच्या सराव शिबिरात इंटर्न म्हणून काम केलं होतं. तिथे त्याला नेणारा कोण, तर ब्रेट वीच, डेलावेअरच्या टीममधलाच त्याचा सोबती. २००९ ला पुन्हा इंटर्न. त्या वेळी ईगल्सचा एक क्वार्टरबॅक जखमी झाला आणि त्यांचा मुख्य कोच अँडी रीडनं इंटर्नलाच खेळाडू म्हणून करारबद्ध केलं. एनएफएलनं तो करार रद्द केला. विचार कर, आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते हातात आलं आणि काढून घेतलं. बाबा म्हणतील, बघ, हेच मी सांगत होतो. पण पुढच्याच वर्षी, बत्तिसाव्या वर्षी, तो ईगल्समध्ये सर्वात खालच्या पायरीवरचा मदतनीस म्हणून रुजू झाला. मग क्वालिटी कंट्रोल. नाव कारखान्यातलं वाटतं, काम मात्र रात्र रात्र फिल्म बघून समोरच्या टीमच्या चालींचे तक्ते मांडायचं. २०१३ ला रीडसोबत कॅन्सस सिटीला क्वार्टरबॅक कोच, २०१६ ला आक्रमण सांभाळणाऱ्या दोन ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरांपैकी एक आणि २०१८ ला शिकागो बेअर्सचा मुख्य कोच. आधल्या वर्षी ५ जिंकून ११ हरलेली टीम त्याच्या हाताखाली १२ जिंकली, ४ हरली आणि त्याला वर्षाचा सर्वोत्तम कोच ठरवलं गेलं.

त्या डिसेंबरची रॅम्सविरुद्धची मॅच तूच मला लावून दाखवली होतीस. गोललाइनजवळ आक्रमणात चक्क बचावातले धिप्पाड गडी आणून उभे केले, सगळे त्यांच्याकडे बघत राहिले आणि पास गेला ब्रॅडली सोवेलला, एरवी फक्त समोरच्याला अडवणाऱ्या एका लाइनमनला! टचडाउन. तू सोफ्यावरून उडालास. मला तेव्हा वाटलं, हे डोकं छोट्या मैदानावर तयार झालेलं आहे. जिथे लपायला जागाच नसते तिथे माणूस फसवायला शिकतो. माझा हा तर्क फुटबॉलवाल्यांना पटेल की नाही कोण जाणे, पण मी त्याला धरून आहे.

खालचाही भाग सांगून टाकते, नाहीतर बाबा सांगतील. त्याच हंगामात प्लेऑफमध्ये शेवटच्या क्षणी बेअर्सची किक आधी खांबाला आणि मग आडव्या दांडीला लागून बाहेर आली. १६-१५ अशी हार, तीही ज्यांनी त्याला शिकवलं त्या ईगल्सकडून. जानेवारी २०२२ मध्ये शिकागोनं त्याला काढलं. तो परत रीडकडेच गेला, क्वार्टरबॅकनाच शिकवायला, आणि कॅन्सस सिटीनं पुढचे दोन्ही सुपर बोल जिंकले.

दुसरा जे ग्रुडन. लुईव्हिलचा क्वार्टरबॅक, त्यालाही ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही. टॅम्पा बे स्टॉर्मकडून खेळाडू म्हणून चार अरीनाबोल, म्हणजे अरीना लीगची विजेतेपदं, ऑर्लँडो प्रेडेटर्सचा कोच म्हणून आणखी दोन, आणि शेवटी वॉशिंग्टनचा मुख्य कोच, २०१४ ते २०१९. पण त्याचे वडील कोच, भाऊ जॉन एनएफएलमध्ये मुख्य कोच होता. त्या घरातल्या पोराला दार कुणीतरी आतूनच उघडतं. आपल्या घरात कोच कोण? तुझे आजोबा मिरजेत पोस्टात होते. म्हणून तुला ग्रुडनपेक्षा नेगी जवळचा. त्याला दार उघडलं ते एका जुन्या सोबत्यानं. तुझ्याबरोबरचे तीन-चार जण आता कुठे कुठे असिस्टंट म्हणून लागलेत. त्यांचे वाढदिवस विसरू नकोस. ते सरावाला बोलावतील तेव्हा बॅगा उचलायलाही जा.

आता त्या खेळाबद्दल. अरीना फुटबॉल ज्यानं काढलं त्या जिम फॉस्टरनं १९८१ साली मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकर बघता बघता लिफाफ्यावर आकृती काढली, १९८७ ला चार टीम्सनी लीग सुरू झाली. मैदान पन्नास यार्डांचं, रुंदी पंच्याऐंशी फूट, म्हणजे आइस हॉकीच्या रिंकइतकं. प्रत्येक टीमची माणसं आठच. तू आणि मी फिलाडेल्फियाला सोल या अरीना टीमची मॅच बघायला गेलो होतो, आठवतं? पास झेलणारा रिसीव्हर चेंडूमागे धावत आला तो थेट उशा लावलेल्या भिंतीवरून आपल्या पुढच्या रांगेत कोसळला. एका आजोबांचा नाचोजचा ट्रे त्याच्या हेल्मेटवर, चीजसकट. तो उठला, ‘सॉरी सर’ म्हणाला आणि परत आत. तू ती चीज लागलेली भिंत बघत बसलास. मी मात्र सोलचा कोच क्लिंट डोलेझल याच्याकडे बघत होते. तोही याच लीगचा जुना क्वार्टरबॅक, आणि २०१६ आणि २०१७ ची अरीनाबोल त्याच्याच हाताखाली सोलनं जिंकली. त्याची नजर चेंडूवर नसायचीच. चेंडू हवेत असताना तो लाइनकडे बघत असायचा.

तुझ्या लीगमध्ये अरीनातल्या त्या चेंडू परत मैदानात फेकणाऱ्या जाळ्या नसतात, पण घाई तीच. रिसीव्हर स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या, आधीच पळत लाइनकडे येतो, बचाव अंगावर असतो, विचार करायला वेळ नाही. कॉलेजात एका मॅचला जितके निर्णय घ्यायचास, त्याहून जास्त इथे पहिल्या हाफमध्ये घ्यावे लागतील. प्रत्येक निर्णय रात्री वहीत लिही: काय दिसलं, काय केलं, काय करायला हवं होतं. तुझ्यातला खेळाडू संपल्यावर तीच वही तुझी पदवी.

तुला वाटत असेल, आई मला खेळाडू समजतच नाही. समजते. तू तीन वर्षं राखीव म्हणून क्लिपबोर्ड घेऊन उभा राहिलास तेव्हा मी त्या थंडगार बाकांवरच बसले होते. पण मागच्या ऑगस्टमध्ये तुमच्या सरावाला आले, तेव्हा तो नवा बारीक रिसीव्हर पुन्हा पुन्हा चुकत होता. कोचनं ओरडून सोडून दिला. तू गुडघ्यावर बसलास, त्याचा डावा बूट हातानं धरून दोन इंच आत वळवलास आणि म्हणालास, आता वळ. तो वळला. चेंडू न बघताच त्याच्या हातात आला. त्या वेळी तुझा चेहरा तुझ्या कुठल्याही टचडाउनला नव्हता तसा होता.

तर हंगाम एक, फार तर दोन. त्यानंतर ग्रॅज्युएट असिस्टंटचे, म्हणजे शिकता शिकता कोचचा मदतनीस होण्याचे अर्ज, फी माफ होते ती कॉलेजं बघून. एनएफएलची बिल वॉल्श फेलोशिप आहे, अल्पसंख्याक कोचना उन्हाळी शिबिरात काम देणारी. तिची माहिती आत्तापासून काढ. आपल्यातले कोच त्या मैदानांवर मला तरी दिसत नाहीत. मंडळातल्या काकू विचारतील, ‘मल्हार सध्या काय करतो?’ मी सांगेन, शिकतोय.

सव्वीस पूर्ण होईपर्यंत आमच्या हेल्थ इन्शुरन्सवर आहेस, तेवढं डोक्यात ठेव. खांदा दुखला तर लपवायचा नाही. करारावर सही करण्याआधी सगळी पानं बाबांना पाठव. ते आधी ओरडतील, मग पिवळा हायलायटर घेऊन एकेक कलम वाचतील. दुखापत झाल्यावर पैसे कोण देणार आणि हंगाम मध्येच बंद पडला तर काय, ही दोन कलमं त्यांना नक्की दाखव.

तिथे मार्चपर्यंत बर्फ असतो म्हणे. तुझे बूट इथल्याच कपाटात आहेत, पार्सल करायचे का ते कळव.

तुझी,
आई