साडेसहा फुटांचा सेंटर

चि. सानिकास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये एकही मॅच न खेळलेला माणूस मोठा खेळाडू कसा?" तेवढ्यात तुझी बस आली आणि विषय राहून गेला. मी बास्केटबॉलपटू काइल हाइन्सबद्दल बोलत होते. घाईत सांगण्यासारखा तो माणूस नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

हाइन्स न्यू जर्सीचा. शिकला नॉर्थ कॅरोलायनात, ग्रीन्सबरोच्या विद्यापीठात. बास्केटबॉलसाठी गाजलेलं ते ठिकाण नव्हे. तिथे चार वर्षांत त्याने २००० च्या वर पॉइंट, १००० च्या वर रीबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) आणि ३०० च्या वर ब्लॉक (समोरच्याचा शॉट अडवणं) केले. हे तिन्ही टप्पे ओलांडणाऱ्या मोजक्या कॉलेज खेळाडूंमध्ये पुढे एनबीए गाजवलेले डेव्हिड रॉबिन्सन आणि टिम डंकन आहेत, म्हणजे बघ. तरीही २००८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, ६० जणांची नावं पुकारली गेली, त्यात याचं नाव नव्हतं. सेंटर म्हणून, म्हणजे बास्केटजवळच्या जागी खेळायचा आणि उंची सहा फूट सहा इंच! एनबीएत त्या जागी सात फुटांच्या आसपासची माणसं उभी असतात.

त्याने बॅग भरली आणि इटली गाठली. रोमच्या आग्नेयेला वेरोली नावाचं डोंगरावरचं गाव आहे, तिथल्या संघात. तोही दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधला. या नोकरीचं स्वरूप तुला माहीत असावं. करार बहुधा एका सीझनचा. संघात परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या, त्यामुळे अमेरिकेहून आणलेल्या माणसाने पहिल्या दिवसापासून संघ ओढायचा, अशी अपेक्षा. चार मॅच वाईट गेल्या की त्याच्या जागी दुसऱ्याचा शोध सुरू. भाषा येत नाही, घरचं माणूस जवळ नाही. बावीस वर्षांचा मुलगा तिथे दोन सीझन टिकला आणि त्या खेळावर जर्मनीतल्या बामबर्गने त्याला बोलावून घेतलं. २०११ मध्ये बामबर्गने लीग आणि कप दोन्ही जिंकले. मग ग्रीसचा ऑलिंपियाकोस, युरोलीगमधला, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेतला मोठा संघ.

२०१२ ची फायनल तू पाहायलाच हवीस. इस्तंबूल, समोर मॉस्कोचा सीएसकेए. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ऑलिंपियाकोस १९ पॉइंटनी मागे. तिथून त्यांनी बास्केटमागे बास्केट करत फरक तोडला. शेवटचे दहा सेकंदही उरले नव्हते आणि सीएसकेएच्या शिश्काउस्कासचे दोन्ही फ्री थ्रो हुकले. ऑलिंपियाकोसचा स्पानुलिस चेंडू घेऊन आत घुसला, सहकारी प्रिंतेझिसला पास दिला आणि ०.७ सेकंद बाकी असताना बास्केट झाली. ६२-६१. पुढच्या वर्षी लंडनमध्ये पुन्हा विजेतेपद.

मला सगळ्यात आवडतं ते यापुढचं. ज्या सीएसकेएला ऑलिंपियाकोसने लागोपाठ दोन वर्षं घरी पाठवलं, त्यांनीच २०१३ मध्ये हाइन्सला आपल्याकडे घेतलं. तिथे तो सात वर्षं राहिला आणि २०१६ व २०१९ अशी आणखी दोन युरोलीग विजेतेपदं मिळवली. पुढे मिलानमध्ये चार वर्षं खेळून २०२४ मध्ये निवृत्त झाला. युरोलीगचा सर्वोत्तम बचावपटू तो तीनदा ठरला, त्यातला शेवटचा मान वयाच्या पस्तिशीत!

हे जमलं कसं? मॅच लाव, चेंडू विसर आणि फक्त त्याच्या पायांकडे बघ. शॉट सुटायच्या आधीच तो गुडघे वाकवून, कंबर खाली नेऊन समोरच्याच्या पुढ्यात ठाण मांडतो, म्हणजे बॉक्स आउट करतो. आता उंच माणसाला उडी मारायला जागाच उरत नाही. पिक अँड रोलमध्ये, म्हणजे समोरचा सेंटर आडवा येऊन आपल्या गार्डला (चेंडू खेळवणाऱ्याला) वाट करून देतो तेव्हा, स्विच करून, म्हणजे आपला माणूस बदलून, तो सरळ गार्डसमोर उभा राहतो, आणि एवढा रुंद खांद्यांचा माणूस छोट्या, चपळ गार्डबरोबर आडवा सरकत जातो. सात फुटी सेंटरला हे सहसा जमत नाही. ज्या उंचीमुळे त्याला नाकारलं, तीच पुढे त्याच्या संघांच्या बचावाचा कणा झाली. युरोलीगच्या दशकातल्या सर्वोत्तम संघात त्याची निवड झाली, ती अशा खेळावर. म्हणून मी त्याला मोठा म्हणते, आणि एनबीएत न खेळल्याने त्यात काही उणं येतं असं मला अजिबात वाटत नाही.

आता तुझं. कॅम्पच्या यादीत नाव नाही म्हटल्यावर तू दोन दिवस जेवली नाहीस, हे तुझ्या रूममेटने सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. वाईट वाटणारच, मलाही वाटलं. पण "छोट्या टीमकडून खेळून काय उपयोग" हे तुझं म्हणणं मला पटत नाही. त्या संघाला सेंटर हवी आहे, तुला पूर्ण चाळीस मिनिटं खेळायला मिळेल. बेंचवर बसून बॉक्स आउट सुधारत नाही, बाळा. माझं मत विचारशील तर जा.

शनिवारपर्यंत त्यांना कळव. त्याआधी राहायची सोय कुठे आहे, मेस कशी आहे आणि फिजिओ आहे का, हे विचारून घे. डाव्या घोट्याचं काय झालं होतं तेही त्यांना आधीच सांग, लपवू नकोस. बाबांना वाटतं तू आधी शेवटचं वर्ष पूर्ण करावंस. त्यांच्याशी एकदा नीट बोल, मी मध्ये पडणार नाही.

तुझी,
आई