चिकू येण्याआधी डॉक्टर बघून ठेवा

पुणे

ती. आई-बाबांस,
सा. न.

चिकू पोळ्याच्या आधी तिकडे नागपूरला येईल, दिवाळीपर्यंत राहील. कपडे-खेळणी मी भरते. तुम्ही एक काम आत्ताच उरकून ठेवा: मुलांचे डॉक्टर. धंतोली-रामदासपेठेत पाटीला पाटी लागून आहे, म्हणून 'ताप आला की बघू' असं करू नका. तापलेलं पोर खांद्यावर असलं की माणूस निवडत बसत नाही, जो दवाखाना उघडा दिसेल तिथे शिरतो.

ऑटोने पंधरा मिनिटांच्या आतला दवाखाना बघा. पाटीवर मुलांच्या डॉक्टरची पदवी (एम.डी. बालरोग, डी.एन.बी. किंवा डी.सी.एच.) आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असला की पाटीचं काम संपलं. चिकू ठणठणीत असतानाच वजन-उंची नोंदवायला आणि लसींचं कार्ड दाखवायला त्याला एकदा घेऊन जा. बूट काढून वजन करतात का, ते कागदावर लिहितात का, बघा. मुलांच्या औषधाचा हिशोब वजनावर असतो. आणि तपासताना घसा-कान शेवटी बघतात का? आधीच जिभेवर पट्टी दाबली की मूल भोकाड पसरतं, मग ना छाती ऐकू येते ना श्वास मोजता येतो. खोकल्याच्या मुलाचे श्वास शर्ट वर करून, घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजायचे असतात. 1 ते 5 वर्षांच्या मुलात 40 किंवा जास्त भरले तर न्यूमोनियाची शंका घ्यायची.

तापात कपडे काढायला लावणारे डॉक्टर मिळाले तर सोडू नका. 2018 च्या पावसाळ्यात नागपुरात स्क्रब टायफस नावाच्या तापाची साथ आली होती. गवतातला बारीक किडा चावतो, तिथे सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. काखेत, जांघेत, चड्डीच्या इलॅस्टिकखाली. दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे मूल सांगतही नाही. तापाला नेहमी देतात ती अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिमसारखी औषधं त्यावर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन लागतं. आई, ताप असेल तर पुसून काढताना तूही बघत जा.

जाताना कागदावर लिहून न्या: ताप किती वाजता किती, कोणतं औषध किती मिली दिलं, शेवटची लघवी कधी झाली. एकानेच बोला. बाबा, 'सर्दीच आहे हो' असं निदान तुम्ही आधी सांगू नका, आणि आई, तू मागून 'रात्रभर खोकून राहिला बिचारा' सुरू करू नको. संध्याकाळच्या गर्दीत साठावा नंबर लागला तर चांगले डॉक्टरही थकलेले असतात. ओपीडी उघडताच पहिल्या दोन-तिनांत जा.

पॅरासिटामॉलचं मात्र नीट वाचा. चिकू 14 किलोचा आहे. किलोमागे 15 मिग्रॅ म्हणजे एका वेळी साधारण 200. बाटलीवर '5 मिलीत 250' असेल तर 4 मिली. '5 मिलीत 120' असेल तर त्याच 4 मिलीत औषध निम्म्याहून कमी जातं, ताप हटत नाही आणि लोक डॉक्टर बदलतात. उलट घोटाळा झाला तर दुप्पट जातं. दोन डोसांत 6 तास ठेवा. सोबत आयबुप्रोफेन असलेलं मिश्रण आणू नका; डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

तापाच्या दुसऱ्या दिवशी अँटिबायोटिक लिहिलं नाही म्हणून दुसरीकडे पळू नका. 'परवा ताप असला तर या, आणि हे-हे दिसलं तर आजच या' असं जे सांगतात, ते लक्ष देतात. डेंग्यूत तर ताप उतरल्यावरच जपायचं: पोटात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, पेंगुळणं यांतलं काहीही दिसलं तर थेट भरती.

खोकल्याचं सिरप उरलेल्या बाटलीतून किंवा मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून देऊ नका. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडची मुलं किडन्या बंद पडून नागपुरात आणली, त्यांतली कितीतरी वाचली नाहीत. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. लघवी बंद होणं ही तिथली मोठी खूण होती. म्हणून लघवीचं न विचारणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही होऊन सांगा. चिकूला रात्री अर्धा चमचा मध पुरतो.

पहिल्याच भेटीत विचारून ठेवा, रात्री दोनला गरज पडली तर मुलांचा आयसीयू असलेल्या कोणत्या दवाखान्यात जायचं. तो नंबर आणि 108 फ्रिजवर चिकटवा.

आणि बाबा, कूलर अजून खिडकीतच असेल. टाकी नुसती रिकामी करू नका, काथ्याने घासा. डेंग्यूच्या डासांची अंडी कोरड्या पत्र्यालाही चिकटून राहतात.

तुमची,
ताई