‘कुठे दिसलं?’ विचारणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत. समोर बसून मानायला गेले असते, तर ‘पुरे, पुढचा निबंध काढ’ म्हणाला असतात. म्हणून हे उघड पत्र. शिवाय निबंध लिहिणाऱ्या किंवा तपासणाऱ्या आणखी कुणाच्या हाती ते पडलं, तर मला हवंच आहे.

शिकवावं कसं हे शिकवणारे वर्ग असतात. विद्यार्थ्याचा निबंध वाचावा कसा, हे मात्र कुणी शिकवत नाही. गठ्ठा हातात येतो. कादंबरीवरचे, चित्रपटावरचे, संगीतावरचे, एखाद्या नेत्यावरचे निबंध सगळे एकात एक, आणि वर गुण भरून द्यायची तारीख. ‘भाषा ओघवती’, ‘अजून सखोल हवं’ असे शेरे मारून प्रत्येक जण पुढे सरकतो. तुम्ही निवृत्त झाल्यानंतर, काही देणंघेणं नसताना, माझ्या शेजारी बसून ते गठ्ठे वाचलेत. हातात पेन्सिल, आणि समासात बहुतेक वेळा दोनच शब्द: ‘कुठे दिसलं?’

‘लेखिकेनं मानवी मनाचे कंगोरे उलगडले आहेत.’ कुठे दिसलं? ‘दिग्दर्शकाची पकड जबरदस्त आहे.’ कुठे दिसलं? पहिल्यांदा हे वाचून मुलं वैतागली होती. पण महिन्याभरात तीच मुलं पान क्रमांक घालून वाद घालायला लागली. आणि एक गंमत सांगते. कुठून तरी उचललेले, यंत्राकडून लिहून घेतलेले गुळगुळीत निबंध या दोन शब्दांपुढे आपोआप उघडे पडतात. चोर पकडण्याचा निराळा खटाटोप करावा लागत नाही.

पण मला आभार मानायचे आहेत ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तो तुम्ही क्वचित लिहायचात आणि तयारीच्या मुलांनाच: ‘काय नाही?’

साहित्याच्या बाबतीत तो लवकर पटला. मेरी शेलीच्या १८१८ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीत त्या निर्मिलेल्या जिवाला नावच नाही. मुलं सर्रास निर्मात्याचं आडनाव त्याला देऊन मोकळी होतात. ही चूक दुरुस्त करून पुढे जाता आलं असतं. तुम्ही त्या मुलाला विचारलंत, नाव दिलं नाही म्हणून त्याला हाक कोण मारणार? तिथून त्याचा निबंध खरा सुरू झाला.

चित्रपटावरच्या निबंधांची तऱ्हा वेगळी. त्यात कथानक सांगण्यात दोन पानं जातात आणि शेवटी ‘छायाचित्रण उत्तम, संगीत प्रसंगाला साजेसं’ असं एक वाक्य येतं. सत्यजित राय यांच्या १९५५ सालच्या ‘पथेर पांचाली’वर एकीनं लिहिलं होतं की, आईचा आक्रोश हृदय पिळवटून टाकतो. तुम्ही म्हणालात, तो प्रसंग पुन्हा लाव आणि डोळे मिटून ऐक. बाप हरिहर परत आलाय, मुलगी गेल्याचं त्याला ठाऊक नाही, तिच्यासाठी आणलेली साडी पुढे करतोय, आई सर्वजया कोसळते, तिचं तोंड उघडतं, आणि आवाज तिचा येतच नाही. तिथे पंडित रविशंकरांच्या संगीतातली तारशहनाई, म्हणजे गजानं वाजवायचं तंतुवाद्य, वाजते. आक्रोश आहे असं जिनं लिहिलं होतं, तिनं तो ऐकलेलाच नव्हता. त्या दोन मिनिटांवर तिनं नंतर अख्खा निबंध लिहिला. आजवर माझ्या हातून गेलेल्या निबंधांत तो मला सगळ्यात जास्त आवडतो.

संगीत हा आम्हा भाषेच्या माणसांचा कच्चा विषय, त्यामुळे तिथे आम्ही कथा ऐकवून वेळ मारून नेतो. बीथोव्हेनची १८०८ साली पहिल्यांदा वाजलेली पाचवी सिम्फनी म्हटली की ‘नियती दार ठोठावते आहे’ हे वाक्य येणारच. ते पसरवलं बीथोव्हेनचा सहायक शिंडलर यानं, आणि त्याच शिंडलरनं बीथोव्हेनच्या संभाषणवह्यांत (बहिऱ्या बीथोव्हेनशी लोक ज्यांत लिहून बोलत, त्या वह्यांत) स्वतःच्या मनाच्या नोंदी मागाहून घुसडल्या, हे संशोधकांनी दाखवून दिलेलं आहे. तरी नियतीचा मोह सुटत नाही, कारण स्वर ऐकण्यापेक्षा गोष्ट सांगणं सोपं. तुम्ही मुलांसमोर स्वरलिपी ठेवलीत. त्या गाजलेल्या चार स्वरांच्या आधी एक विराम लिहिलेला आहे. रचना शांततेनं सुरू होते आणि वाद्यवृंद त्या रिकाम्या जागेवरून उडी घेतो. मग शेवटच्या भागात ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य आणि पिकोलो ही छोटी बासरी येतात. तोवर ही वाद्यं गप्प होती, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात आणून द्यायला संगीताची पदवी लागत नाही. कान देऊन बसावं लागतं, बस.

नेत्यांवरचे निबंध मात्र मला आजही नकोसे वाटतात. एक तर हार घातलेला निबंध येतो, नाहीतर खेटर मारलेला. जन्म, बालपण, संघर्ष, ‘दूरदृष्टीचे नेतृत्व’, शेवट. तुमचा उपाय साधा होता: नेता बाजूला ठेवा, त्याचं एक भाषण घ्या, आणि ते कवितेसारखं ओळीओळीनं वाचा. लिंकन यांचं १९ नोव्हेंबर १८६३ चं, अमेरिकेच्या यादवी युद्धातलं गेटिसबर्गचं भाषण जेमतेम २७० शब्दांचं. त्यांच्या आधीचे वक्ते दोन तास बोलले होते, हे सांगण्यात मुलांना मजा वाटते. तुम्ही विचारलंत, यात ‘गुलामगिरी’ हा शब्द शोधून दाखवा. नाही. शत्रूचं नावही नाही. त्याच वर्षी १ जानेवारीला गुलाममुक्तीची घोषणा अमलात आणणारा माणूस हा शब्द का टाळतो? वर्गात त्यावर जे भांडण झालं, तसं भांडण मी कुठल्या चरित्रपर निबंधावर पाहिलेलं नाही.

ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांच्या ४ जून १९४० च्या भाषणाचंही तेच. समुद्रकिनाऱ्यांवर लढू, हे वाक्य साऱ्या देशानं त्यांच्याच आवाजात ऐकलं, असं मुलं लिहितात. भाषण झालं संसदेत, आणि तिथून प्रक्षेपण होत नव्हतं. आज आपण ऐकतो ते ध्वनिमुद्रण त्यांनी १९४९ मध्ये केलं. म्हणजे पराभवाच्या छायेतला म्हणून जो आवाज आपण ऐकतो, तो युद्ध जिंकून झालेल्या माणसाचा. हे कळल्यावर ‘आवाजातला निर्धार’ वगैरे विशेषणं मुलांनी स्वतःहून खोडली. आणि मग एकानं हळूच विचारलं की १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचं काय? लाखो माणसं मेली, आणि त्यात चर्चिल सरकारची जबाबदारी किती, यावर इतिहासकार अजून भांडतात. निबंधात ते नाही. तुम्ही काही बोलला नाहीत. प्रश्न विचारायचं काम आता त्याच्याकडे गेलं होतं.

एका बाबतीत माझं तुमच्याशी पटत नाही, तेही इथेच सांगते. लेखकाचं आयुष्य निबंधात आणूच नये, असा तुमचा कडक नियम. कादंबरीपुरता मला तो मान्य. नेत्याच्या बाबतीत नाही. भाषणाच्या आधी आणि नंतर त्यानं काय केलं हे न पाहता नुसते शब्द वाचले, तर गोड बोलणाराच प्रत्येक वेळी जिंकतो. याला तुमच्याकडे उत्तर असेल. मला ऐकायचं आहे.

सोबत एका विद्यार्थिनीचा निबंध पाठवते आहे, तिच्या परवानगीनं. विषय, जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा १९५० सालचा चित्रपट ‘राशोमोन’. त्यातल्या खुनाच्या चौकशीत साक्षीदार थेट आपल्याकडे बघून बोलतात, न्यायाधीश ना दिसत ना ऐकू येत, हे तिनं कुणी न सांगता हेरलं आहे. पण शेवटी सापडणारं तान्हं मूल चित्रपट ज्यांवर बेतला त्या अकुतागावाच्या मूळ कथांत नाही, म्हणून तो शेवट ही दिग्दर्शकाची पळवाट आहे, असं तिचं म्हणणं. मी तिला पूर्ण गुण दिले आहेत. तुम्ही देणार नाही, अशी माझी पैज आहे. पेन्सिल घेऊन बसा आणि कळवा.

तुमची,
शेजारच्या खुर्चीतली