रिकरिंगवाल्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

लालबागच्या आमच्या चाळीत तुम्ही पोस्टाच्या रिकरिंगचे, म्हणजे दरमहा ठराविक रक्कम भरायच्या बचतीचे, पैसे न्यायला येता, एवढीच तुमची ओळख बहुतेकांना आहे. आमच्या घरासाठी तुम्ही काय केलंत ते चारचौघांना कळावं, म्हणून हे उघड पत्र.

मला नोकरी लागली तेव्हा एका बँकेतल्या साहेबांनी वर्षाला ५० हजार हप्त्याची पॉलिसी पुढे केली होती. विमाही, बचतही. तुम्ही कागद वाचलेत आणि विचारलंत, "उद्या तुझं काही बरंवाईट झालं, तर आईच्या हातात किती पडणार?" ५ लाख! त्याहून कितीतरी कमी हप्त्यात ५० लाखांचा टर्म विमा, म्हणजे ठराविक मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, मिळत होता. मुदत संपली की त्यातून काही परत येत नाही, हेही तुम्ही आधीच सांगितलंत. उरलेले पैसे पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या लांब मुदतीच्या बचत योजनेत, टाकायला लावलेत, तेही ५ तारखेच्या आत. कारण ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असते, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज धरतात.

रिकरिंगवर तुम्हाला ४ टक्के कमिशन मिळतं. पीपीएफ आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवरचं एजंटांचं कमिशन मात्र सरकारने १ डिसेंबर २०११ पासून बंद केलं. हे मला फार नंतर समजलं. माझा सगळा पगार तुम्ही रिकरिंगकडे वळवला असतात, तरी आमच्या घरात कुणी चकार शब्द काढला नसता. तुम्ही तसं केलं नाहीत. आता कुणीही गुंतवणूक सुचवली की मी आधी विचारते, यात तुम्हाला किती सुटतं? म्युच्युअल फंडाच्या, वितरकाचं कमिशन नसलेल्या डायरेक्ट योजना २०१३ पासून आहेत, तेही मला असं विचारत गेल्यामुळेच कळलं.

मार्च २०२० मध्ये शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स २६ हजारांच्याही खाली गेला. जानेवारीत तो ४२ हजारांवर होता. मी घाबरून फोन केला. "बाजारातलं मला कळत नाही गं," म्हणालात, "पण येत्या पाच वर्षांत लागणारे पैसे त्यात आहेत का?" नव्हते. म्युच्युअल फंडात दरमहा ठराविक रक्कम टाकायची माझी एसआयपी चालू राहिली.

आणि बाबा. प्रत्येक खात्यावर नॉमिनी लावा म्हणून तुम्ही त्यांच्या मागे लागला होतात. नॉमिनीला पैसे मिळतात, पण त्यावर हक्क कुणाचा ते मृत्युपत्राने ठरतं, हे पटवून तेही करून घेतलंत. बाबा गेले तेव्हा आईला एकाही कागदासाठी कुणापुढे हात जोडावे लागले नाहीत. त्यांच्या प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे तुम्ही तिला ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवायला सांगितलेत, पुन्हा स्वतःला काही न मिळता. दर तीन महिन्यांनी येणाऱ्या त्या व्याजावर तिची औषधं होतात. मुलांकडे मागावं लागत नाही, याचा तिला केवढा आधार आहे ते तुम्ही पाहिलंच आहे.

मावशी, मनापासून आभार. भाचीचा पहिला पगार झालाय. रविवारी तिला घेऊन येते. पगाराची स्लिप आणि ऑफिसच्या विम्याचे कागद बरोबर असतील.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची