बी. एस्सी.च्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेची वाट वेळेवर दाखवा

संपादक महोदय,

पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल आणि नीटचे गुण हाती आले, की बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील महाविद्यालयांत बी. एस्सी.ला येणाऱ्या मुलामुलींत एक मोठा गट असा असतो, ज्याला खरे तर आरोग्यक्षेत्रात जायचे होते. वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणून तो रसायन, प्राणिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात येऊन बसतो. पुढे काय, या त्याच्या प्रश्नाला आपल्याकडे अजूनही बी. एड., एम. एस्सी. किंवा बँकेची परीक्षा एवढीच उत्तरे मिळतात. विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावरही पालक सल्ल्यासाठी घरी येत असतात. त्यांना जे वारंवार सांगावे लागते, ते आपल्या वाचकांपुढे मांडावे, म्हणून हे पत्र.

सर्वांत मोठा गैरसमज असा, की साधी बी. एस्सी. झाली की रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम मिळते. तसे होत नाही. रक्तकेंद्राचे, म्हणजे ब्लड बँकेचेच उदाहरण घ्यावे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार तेथील तंत्रज्ञाकडे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदवी आणि सहा महिन्यांचा अनुभव, किंवा त्याच विषयाची पदविका आणि एक वर्षाचा अनुभव असावा लागतो. सूक्ष्मजीवशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेली मुलगीही केवळ त्या पदवीवर तेथे तंत्रज्ञ होऊ शकत नाही. ज्याला रुग्णाच्या नमुन्यांवरच काम करायचे आहे, त्याने पीयूसीनंतर थेट बी. एस्सी. एमएलटीला, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदवीला जावे. त्यासाठी पीयूसीत जीवशास्त्र हवे, तीन वर्षांचा अभ्यास असतो आणि वर नमुने हाताळण्याची एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) असते. हे सांगण्याची वेळ प्रवेशाच्या आधीची आहे, पदवीच्या शेवटच्या सत्रातील नव्हे.

संसदेने 2021 साली केलेल्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने या क्षेत्राला प्रथमच राष्ट्रीय चौकट दिली. संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी किमान 2,000 तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान 3,600 तासांचे शिक्षण या कायद्यात अपेक्षित आहे, आणि राज्यांच्या परिषदांकडे नोंदणीची तरतूद आहे. सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन करून देण्याची जाहिरात करणाऱ्या, बाजारपेठेतील एखाद्या माडीवर चालणाऱ्या वर्गाची फी भरण्यापूर्वी पालकांनी हे तासांचे गणित एवढे तरी करून पाहावे. अशा वर्गांतून प्रमाणपत्र घेऊन आलेली आणि मग कोठेही नोंदणी होत नाही म्हणून हताश झालेली मुले मी पाहिली आहेत. त्या मुलांचा यात काही दोष नसतो. त्यांना विचारायचा प्रश्न कोणी सांगितलेलाच नसतो.

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. निपाणीचा मुलगा लगतच्या, पण महाराष्ट्रात असलेल्या अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात गेला, तर घर कर्नाटकात राहून त्याची पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची होते. बेळगावातच शिकला, तर राणी चन्नम्मा विद्यापीठाची. साध्या पदवीपुरता हा फरक फारसा जाणवत नाही, पण प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पदविकेला तो लगेच जाणवतो. कर्नाटकात या पदविका राज्याच्या पॅरामेडिकल बोर्डाखाली चालतात आणि महाराष्ट्रात काम करायचे तर तेथील पॅरावैद्यक परिषदेकडे नोंदणी लागते. आपण कोठे नोकरी करणार, कोल्हापूर-पुण्याकडे की हुबळी-बेंगळुरूकडे, याचा अंदाज पदविकेला प्रवेश घेण्यापूर्वीच बांधावा आणि संबंधित परिषदेला लेखी विचारावे. दोन्हीकडे नातेवाईक असणाऱ्या आपल्या लोकांना हे अवघड नाही.

मग साध्या बी. एस्सी.चे काय? येथे मात्र आपल्या शिक्षकांनीच थोडी अधिक माहिती करून घेतली पाहिजे, कारण वाटा बऱ्याच आहेत आणि त्या विषयागणिक वेगळ्या आहेत. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आरोग्यक्षेत्राचे नावही कोणी सांगत नाही, आणि मला वाटते, सर्वांत मोठी चूक इथेच होते. कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार देताना नेमकी मात्रा किती, ती गाठीवर किती आणि शेजारच्या निरोगी अवयवावर किती पडते, यंत्र आज काल इतकेच अचूक चालते की नाही, हे सारे तपासणारा माणूस डॉक्टर नसतो. तो वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ असतो. त्यासाठी वैद्यकीय भौतिकशास्त्रातील एम. एस्सी., किंवा भौतिकशास्त्रात एम. एस्सी. करून मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात शिकवली जाते तशी विकिरण भौतिकीची पदविका, आणि त्यापुढे किरणोपचार विभागात एक वर्षाची आंतरवासिता, असा मार्ग आहे. पात्रतेचे निकष अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवते. जागा थोड्या असतात आणि गणित पक्के लागते, हे खरे. पण जानेवारी 2025 मध्ये बेळगावात केएलई संस्थेच्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन राष्ट्रपतींच्या हस्ते झाले, त्या शहरात तरी भौतिकशास्त्राच्या वर्गात या पदाचा उल्लेख व्हायला हरकत नसावी.

रसायनशास्त्राच्या मुलांना साखर कारखान्याची प्रयोगशाळा माहीत असते, बेळगावातील गणेशपूरच्या एस. निजलिंगप्पा साखर संस्थेमुळे ती वाट जुनी आहे. चोर्ला घाट उतरून गेले की गोव्यातील औषध कारखाने लागतात, आणि तेथील गुणवत्ता नियंत्रण विभागात रसायनशास्त्राच्या पदवीधराला जागा असते. एचपीएलसी या मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर गोळीतील औषधाचे प्रमाण काढणे, गोळी किती वेळात विरघळते ते पाहणे आणि प्रत्येक आकडा त्याच क्षणी वहीत किंवा संगणकात नोंदवणे, असे ते काम असते. प्रात्यक्षिकाच्या वहीत उत्तर आधी आणि निरीक्षणे मागाहून लिहिण्याची आपल्या महाविद्यालयांतील सवय अशा ठिकाणी नोकरी घालवते, एवढे येथे नमूद करतो. अन्नपदार्थांच्या तपासणीत रस असेल, तर रसायन, जैवरसायन किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. आणि अन्न विश्लेषणाचा तीन वर्षांचा अनुभव यांच्या जोरावर अन्न विश्लेषकाची परीक्षा देता येते.

सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी क्षेत्र आणखी विस्तृत आहे. क्षयरोगाच्या निदानासाठी देशभर वापरले जाणारे आणि 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेले ट्रूनॅट हे यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातील मोलबायो या कंपनीचे आहे. बेळगावच्या नेहरूनगरात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था 2006 पासून आहे, आणि अशा संस्थांच्या प्रकल्पांत विज्ञान पदवीधरांसाठी वेळोवेळी जागा निघतात. त्या ठरावीक मुदतीच्या असतात, पण तेथे मिळणारा अनुभव पुढे मोलाचा ठरतो. ज्याला संशोधनातच जायचे आहे, त्याने सीएसआयआर-नेट या संशोधन विद्यावृत्तीच्या राष्ट्रीय परीक्षेची तयारी एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून करावी. कनिष्ठ संशोधकाला आता दरमहा 37,000 रुपये विद्यावृत्ती मिळते, हे ऐकल्यावर मुलींना शिकवण्याबाबत काचकूच करणाऱ्या घरांतही सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर रोज फिरायला जाणाऱ्यांपैकी किती जणांच्या लक्षात येत असेल, की तेथे एके काळी देवीची लस तयार होत असे? या शहराला प्रयोगशाळेचे काम नवे नाही.

एक मधला मार्ग आहे, तो वैद्यकीय महाविद्यालयांतील तीन वर्षांच्या एम. एस्सी.चा, म्हणजे वैद्यकीय जैवरसायन किंवा वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राचा. तो चांगला आहे, पण नियम बदलत राहतात याची जाणीव ठेवून निवडावा. या पदवीधरांना वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवण्यासाठी मिळणारा जागांचा वाटा 2020 मध्ये घटवला गेला आणि 2025 च्या नियमावलीत पुन्हा वाढवला गेला. तसेच स्वतःची पॅथॉलॉजी लॅब काढण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच प्रतिस्वाक्षरी ग्राह्य मानली. तंत्रज्ञाचे काम मोलाचे आहे. परंतु त्याचे अधिकार कोठे संपतात, हे कर्ज काढण्यापूर्वी कळलेले बरे.

भाषेबद्दलही स्पष्ट लिहिणे भाग आहे. रक्ताचा नमुना घेण्याच्या खिडकीपाशी बसलेल्या मुलीला समोरच्या रुग्णाला नाव, उपाशीपोटी आहात का आणि कोणती गोळी चालू आहे, हे विचारावे लागते. प्रयोगशाळेतील बऱ्याच चुका यंत्रात होतच नाहीत, त्या या टप्प्यावर होतात: चुकीचे नाव, चुकीच्या रंगाच्या झाकणाची नळी, साखरेसाठी घेतलेला पण तासन्‌तास तसाच राहिलेला नमुना. बैलहोंगलची आजी कन्नडमध्ये बोलेल आणि खानापूरची आजी मराठीत. दोघींचे नीट ऐकून घेता येणारी मुलगी कोणत्याही रुग्णालयाला हवीच असते. आपल्या मुलांनी मराठी उत्तम राखावी आणि कन्नडही बोलता-वाचता येईल इतकी शिकावी. यात कोणाच्या अस्मितेला धक्का लागत नाही, आणि तसा तो लागतो असे म्हणणाऱ्यांनी एकदा रुग्णालयाच्या रांगेत उभे राहून पाहावे.

सीमाभागातील महाविद्यालयांना माझी विनंती अशी, की मार्गदर्शनाचा कार्यक्रम शेवटच्या वर्षी निरोप समारंभाला जोडून न घेता दुसऱ्या सत्रात घ्यावा, तो मराठी आणि कन्नड दोन्हींत घ्यावा, आणि व्यासपीठावर उद्घाटकांपेक्षा रक्तकेंद्रातील तंत्रज्ञ, औषध कारखान्यातील विश्लेषक व किरणोपचार विभागातील भौतिकतज्ज्ञ यांना बसवावे. त्यांना पगार, पाळ्या आणि रात्रपाळी यांविषयी विद्यार्थ्यांनी मोकळेपणाने विचारावे. जे विद्यार्थी रुग्णांच्या नमुन्यांशी संबंधित प्रशिक्षणाला जाणार असतील, त्यांच्या हिपॅटायटिस बी लसीच्या तीन मात्रा आधीच पूर्ण व्हायला हव्यात. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेत सहा महिन्यांचे अंतर असते, त्यामुळे ही तयारीही आदल्या वर्षीच सुरू करावी लागेल.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
टिळकवाडी, बेळगाव