प्रतिपिंडे वारशाने मिळत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रक्तदाता दिनाच्या आपल्या पुरवणीत ‘ए गटाच्या माणसाला बी-विरोधी प्रतिपिंडे आईवडिलांकडून मिळतात’ असे छापून आले आहे. आईवडिलांकडून येतो तो रक्तगट. ही प्रतिपिंडे, म्हणजे परक्या घटकाविरुद्ध लढणारी रक्तातली प्रथिने, मूल जन्मानंतर काही महिन्यांनी स्वतः बनवू लागते. म्हणूनच तान्ह्या बाळाचा गट रक्तपेढीत केवळ पेशींवरून ठरवतात. रिव्हर्स ग्रुपिंगवर, म्हणजे रक्तद्रवातल्या प्रतिपिंडांवरून गट ओळखण्यावर, त्या वयात भरवसा ठेवत नाहीत.

पण बी गटाचे रक्त कधी अंगात न गेलेल्या मुलाला बी ‘दिसतो’ कुठे? आतड्यातल्या जिवाणूंवर. रक्तगट म्हणजे तांबड्या पेशीवरच्या शर्करासाखळीचे टोक. गॅलॅक्टोज या शर्करेला फ्युकोज ही शर्करा जोडली की होते ती मूळ रचना म्हणजे एच. त्याच गॅलॅक्टोजवर आणखी एक गॅलॅक्टोज बसले की बी, आणि त्याऐवजी एन-अ‍ॅसिटिल गॅलॅक्टोसामाइन ही शर्करा बसली की ए. ओ गटात एच तसाच उघडा राहतो. ई. कोलाय ओ८६ या जिवाणूच्या आवरणातील पॉलिसॅकराइडमध्ये पाच शर्करांचा एकच घटक पुन्हा पुन्हा गुंफलेला असतो आणि त्या पाचांत बीचे हे त्रिकूट जसेच्या तसे सापडते. ए किंवा ओ गटाच्या शरीराला ते परके वाटते. बी गटाचे शरीर त्याला आपलेच समजते.

जॉर्ज स्प्रिंगर आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये हे कोंबडीच्या पिल्लांवर दाखवले. जंतुविरहित वातावरणात वाढलेल्या पिल्लांत बी-विरोधी प्रतिपिंडे तयार झाली नाहीत. ओ८६ खाऊ घातलेल्या पिल्लांत झाली.

आपल्याकडचा ‘बॉम्बे’ रक्तगटही याच सूत्रात बसतो. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. रक्तगटांच्या शर्करांची उकल करणारे लंडनचे मॉर्गन आणि वॉटकिन्स त्याच निबंधाचे सहलेखक होते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. या माणसांच्या पेशींवर एचच नसतो. ई. कोलाय ओ१२८ सारख्या जिवाणूंवर मात्र एचसारखी रचना असते. त्यामुळे या माणसांच्या रक्तात एच-विरोधी प्रतिपिंडे असतात आणि ‘सर्वांना चालणारे’ ओ गटाचे रक्तही त्यांना जिवावर बेतू शकते.

दुरुस्ती छापावी, ही विनंती. जागा हवी असल्यास रक्तगटावरून स्वभाव सांगणारी शेजारची चौकट काढता येईल.

आपला,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ, सांगली