ते खंबीरपणाचं गाणं नव्हे

महोदय,

अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमनच्या ‘आय ॲम अ रॉक’ या गाण्याला आपल्या पुरवणीतील लेखात स्वावलंबनाचा जयघोष म्हटलं आहे. हा गैरसमज जुना आहे.

घोळ भाषांतरापासूनच होतो. ‘खडक’ म्हटलं की खंबीरपणा आठवतो. इथे हवा ‘दगड’, ‘मनाचा दगड करणे’ यातला. गाण्याच्या शेवटी कारणही दिलं आहे : दगडाला दुखत नाही, बेट रडत नाही. (‘कोणीही माणूस बेट नसतो’ हे इंग्रज कवी जॉन डनचं १६२४ मधलं वचन इथे उलटं फिरवलेलं दिसतं.)

पहिल्या कडव्यात डिसेंबर, खिडकी आणि खाली रस्त्यावर कफनासारखा बर्फ. दुसऱ्यात तटबंदी. खरी मेख तिसऱ्यात आहे. प्रेमाचं नाव काढू नका, असं बजावून तो सांगतो की तो शब्द आठवणीत झोपला आहे. लगेच त्या भावना मेल्याचंही सांगतो, आणि वर त्यांची झोपमोड करणार नाही म्हणतो! मेलेल्याची झोपमोड होईल याची धास्ती कोण घेतो? मागोमाग कबुली येतेच : प्रेम केलंच नसतं तर रडलोही नसतो.

बार्थोलोम्यू आणि हॉरोविट्झ या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये प्रौढांच्या नात्यांचे चार प्रकार मांडले. त्यांतले दोन बाहेरून सारखेच दिसतात. एकाला जवळिकीची फारशी गरजच वाटत नाही. दुसऱ्याला ती हवी असते, पण दुखावलं जाण्याच्या भीतीने तो मागे सरतो. गाण्यातला माणूस भाषा पहिल्याची बोलतो, कारणं मात्र दुसऱ्याची देतो. ‘मैत्री नको’ एवढ्यावर तो थांबला असता तर लेखकाचं म्हणणं पटलं असतं. पण ‘मैत्रीने वेदना होतात’ हेही त्याला सांगावंसं वाटतं.

जयघोषाचा भास होतो तो सायमन आणि त्याचा साथीदार गायक गारफंकल या जोडीच्या १९६६ च्या ‘साउंड्स ऑफ सायलेन्स’ या अल्बममधल्या ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारमुळे. आधी सायमनने १९६५ मध्ये लंडनमध्ये एकट्याने, फक्त गिटारवर गायलेलं हेच गाणं ऐकावं. शब्द उघडे पडतात. मग १९६६ चं लावावं आणि ध्रुवपदाकडे कान द्यावा. मी बेट आहे, हे तिथे सायमन आणि गारफंकल दोघं मिळून, सुरात सूर मिसळून गातात.

– एक वाचक